अध्यक्ष व्हायचंय? आधी मानशीची फळी बघून या

देवळाच्या कमिटीत शिरायचंय, पंचायतीला उभं राहायचंय, नायतर निदान चवथीच्या बॅनरवर आमदाराच्या बाजूला आपला फोटो यायला पाहिजे, असं वाटत असेल तर लाजू नका, गोव्यात दर वाड्यावर अशी चार माणसं असतातच आणि त्यातली दोन आपलीच नातेवाईक निघतात. ही हाव सोडा असं सांगून काय ती सुटत नाही. तिला कामाला कसं जुंपायचं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे मोबाईलवर एक वाक्य लिहा, मला अमुक व्हायचंय कारण... आणि कारण खरं लिहा, कोण बघत नाहीये. "कारण गेल्या जत्रेच्या नाटकात बक्षिसं पुकारताना माझं नाव शेवटी घेतलं" असं निघालं, किंवा कोणाची तरी जिरवल्याशिवाय वाक्यच पुरं होईना, तर ते तूर्त बाजूला ठेवा. मग विचारा की हे मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी काय करणार? उत्तर येत नसेल तर तुम्हाला फक्त खुर्ची पाहिजे, आणि खुर्चीचं कसं असतं ते आपल्या पंचायतींत बघताच, सरपंच झाला की अविश्वास ठराव कधी येतो ह्याच्यावर डोळा ठेवण्यातच वेळ जातो, गटार तसंच.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पदाच्या खाली एक काम पडलेलं असतं जे कोणालाच नको असतं, ते शोधा. माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण खाजनाचं, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीचं. दिवाडी, चोडण, कुठेही जा, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेतं वाचवायला मातीचा बांध आणि त्यात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी फळ्यांचं दार. मानशीच्या फळ्या भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं, ना मोटर ना वीज. पण एक फळी कुजली किंवा कुर्ल्यांनी बांधात भोकं पाडली आणि कोण बघितलं नाही की भोक मोठं होत होत एखाद्या मोठ्या भरतीला बांध फुटतो, खारं पाणी आत, आणि ते मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत शेत पडीक. कोरगुट भात खारटपणा सोसतं म्हणून काय वाट्टेल तेवढा सोसत नाही. आणि ही शेतं कसणाऱ्या कुळांच्या संघटनेत भांडण कशावरून, तर अध्यक्ष कोण आणि मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, कोणाला! मासळी जास्त पडावी म्हणून फळ्या उघड्या ठेवल्याच्या तक्रारी तर नेहमीच्याच.

तर ओहोटीची वेळ बघा, पायात जुन्या चपला घाला आणि बांधावर ज्याचं आयुष्य गेलंय अशा एखाद्या म्हाताऱ्याला घेऊन मानशीपर्यंत जा. तो नखाने फळी टोकरून दाखवील कुठे मऊ झालीय. फोटो काढा, फळीचा, तुमचा नको. सुताराकडून लाकडाचा भाव घ्या, बांधाला माती कधी घालतात ते विचारून घ्या. ग्रुपवर एवढ्यात काय टाकू नका, टाकलंत की शाबासकी मिळते आणि शाबासकी मिळाली की काम झाल्यासारखं वाटतं, हा रोग मी पुष्कळांत बघितलाय. खाजन नसेल तुमच्या गावात तर वाचनालय असेल, भजनाला पेटी शिकणारी पोरं असतील, झर असेल, काय ना काय मिळतंच.

काम खूप मोठं निवडणार असाल तर मात्र आधी घरी विचारा. आपल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी 1899 साली घरातून निघाले, बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा एवढंच डोक्यात, पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत 1902 मध्ये श्रीलंकेत पोचले आणि पाली शिकले. ना खुर्ची ना बॅनर, ध्येय असावं तर असं. पण मागे घरी बायको होती, तान्ही मुलगी होती, आणि त्यांनी ती वर्षं कशी काढली हे आपण भाषणात कधी सांगत नाही. थोर ध्येयाचं बिल बऱ्याचदा घरचे भरतात. म्हणून रविवारी सकाळी बांधावर जायचं असेल तर बाजार कोण आणणार ते शनिवारीच ठरवा.

आणि असं करता करता लोक स्वतःच म्हणाले की बाबा तूच हो अध्यक्ष, तर नको नको करत बसू नका, घ्या पद. फक्त पहिल्याच मीटिंगला फळ्यांचा आणि मातीचा खर्च ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी अध्यक्ष दुसराच कोण आला तरी पावसाआधी सुतार बोलवावाच लागेल.