जुनी पेट्रोल टर्बो गाडी घेताना

रांजणगावात तयार होणारी 145 अश्वशक्तीची फियाटची अबार्थ पुंतो आणि चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी या टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबून जास्त हवा भरणाऱ्या पंख्याच्या, वेगवान असूनही आवाक्यातल्या गाड्या होत्या. आज दोन्ही बंद आहेत, त्यांपैकी पोलोचे उत्पादन 2022 मध्ये थांबले. उत्सर्जनाचे नियम 2020 आणि 2023 मध्ये कडक झाले, गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळले, आणि 2025 मध्ये आलेली फोक्सवॅगनचीच गोल्फ जीटीआय आयात झाल्यामुळे 50 लाखांच्या पुढे गेली. म्हणून पुण्यातल्या हौशी माणसाला सेकंड हँड गाडीच पाहावी लागते, आणि ती पाहताना पिकअपच्या आधी सुट्या भागांची चौकशी करावी, असे माझे ठाम मत आहे.

इंजिनाचे बरेच भाग दुसऱ्या मॉडेललाही बसतात, त्यामुळे ते मिळून जातात. खरी अडचण हेडलाइट, बंपर आणि काचा यांची असते, कारण किरकोळ धडकेनंतरही एवढ्यासाठी गाडी गॅरेजमध्ये अडकून पडू शकते. त्या मॉडेलवर नेहमी काम करणाऱ्या मेकॅनिकला हे सौदा ठरण्यापूर्वीच विचारावे.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्याआधी ती सुरू करू नये, असे मालकाला सांगून ठेवावे आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करून घ्यावी. सुरू होताना निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जळते आहे. दोष टर्बोच्या सीलमध्ये आहे की पिस्टनच्या रिंगांमध्ये, हे कळल्याशिवाय भावाची बोलणी करू नयेत. पुढे जुन्या कात्रज घाटाच्या चढावर, वाहतूक नसताना, वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहावा: आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. ड्युअल क्लच (दोन क्लचचा, आपोआप गियर बदलणारा) गिअरबॉक्स असेल, तर संध्याकाळच्या सिंहगड रोडच्या गर्दीतही गाडी जरूर चालवावी, कारण कोरड्या (ऑइलमध्ये न बुडलेल्या) क्लचचे झटके रांगत चालणाऱ्या, तापलेल्या गाडीतच कळतात.

ताकद वाढवण्यासाठी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप केला, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलले होते का, हे थेट विचारावे आणि एक्झॉस्टही बदललेला असेल, तर मूळ एक्झॉस्ट सोबत मागून घ्यावा. एप्रिल 2023 पूर्वीच्या गाडीत ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांची अवस्था तपासावी.

आरसीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35, शिवाय मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर मालकाच्या सह्या हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नोंदणीची पंधरा वर्षे कधी संपतात, तेही पाहावे; 2015 च्या अबार्थला 2030 मध्ये फेरनोंदणी लागेल, आणि तो खर्च आजच्या भावातून वजा करून मागावा.