16 कोअरचा लिनक्स सर्व्हर, तरी नेटवर्क रखडतंय? दोष असा शोधा

सर्व्हरला 16 कोअर (सीपीयूचे स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत, नेटवर्क कार्ड 10 गिगाबिटचं आहे, आलेखात सीपीयूचा वापर जेमतेम 7 टक्के दिसतोय. तरी फोन वाजतच असतात: फाइल उतरत नाही, पान उघडत नाही. मग संशय जातो तो स्विचवर किंवा इंटरनेट पुरवणाऱ्यावर. जाऊ दे, पण आधी त्या 7 टक्क्यांकडे नीट बघा. 16 पैकी एक कोअर शंभर टक्के अडकला आणि उरलेले 15 रिकामे बसले, तर सरासरी निघते 6.25 टक्के. म्हणजे शांत दिसणारा आलेख आणि गुदमरलेला सर्व्हर, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

असं का होतं? पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, आलं की कार्ड एखाद्या कोअरला इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं सोड, इकडे बघ' असा इशारा, देतं. पॅकेट उलगडून वर पोचवण्याचं जड काम, म्हणजे सॉफ्टआयआरक्यू, साधारणपणे त्याच कोअरवर होतं. सगळे इंटरप्ट एकाच कोअरकडे गेले तर आरक्षण केंद्रात 16 खिडक्या उघड्या आणि सगळी गर्दी मात्र एका खिडकीपुढे, अशी गत होते. खालचे उपाय लिनक्ससाठी आहेत आणि बहुतेकांना रूट अधिकार लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलापूर्वीचा आकडा लिहून ठेवा.

आधी तार

'इथटूल' या कमांडला इंटरफेसचं, म्हणजे नेटवर्क जोडणीचं, नाव द्या आणि वेग व डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक होते की नाही) वाचा. गिगाबिट जोडणीवर 1000 च्या जागी 100 दिसत असेल तर पुढचं काही वाचू नका, केबल बदला. गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एक जोडी तुटली तरी जोडणी चालू राहते, फक्त वेग घसरतो. हाफ डुप्लेक्स दिसलं तर सर्व्हर आणि स्विच दोन्हीकडे ऑटो-निगोशिएशन (वेग आपसात ठरवणं) चालू आहे का, ते बघा. 'इथटूल'ला कॅपिटल एस दिला की कार्डाचे मोजणी-आकडे येतात. त्यात सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढत असतील तर दोष केबल, मॉड्यूल किंवा पोर्टमध्ये आहे.

मग मोजणी, पण साधन तपासून

वेग मोजायला 'आयपर्फ 3' चांगलं आहे. एक गोम मात्र आहे. 3.16 च्या आधीच्या आवृत्त्या समांतर प्रवाह मागितले तरी ते सगळे एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालवतात, त्यामुळे वेगवान कार्डावर खुद्द 'आयपर्फ'चाच कोअर आधी भरतो आणि दोष नेटवर्कच्या माथी येतो. आवृत्ती बघून घ्या.

कोअरनिहाय चित्र

'सिसस्टॅट' पॅकेजमधलं 'एमपीस्टॅट' चालवा. कॅपिटल पी आणि 'ऑल' हा पर्याय द्या, दर सेकंदाला आकडे मागा. 'सॉफ्ट' हा स्तंभ महत्त्वाचा. एका कोअरवर तो 90 च्या पुढे आणि बाकीच्यांवर शून्याच्या आसपास असेल, तर दुखणं सापडलं. 'टॉप' या कमांडमध्ये 1 दाबूनही हे दिसतं. तिथे 'केसॉफ्टआयआरक्यूडी' नावाची प्रक्रिया वर आली असेल, तर तिच्या नावापुढचा आकडा म्हणजे अडकलेला कोअर.

आता लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, माहिती देणाऱ्या 'प्रॉक' फोल्डरातली 'इंटरप्ट्स' ही फाइल काही सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. प्रत्येक ओळ एका इंटरप्टची आणि प्रत्येक स्तंभ एका कोअरचा. कार्डाच्या ओळींमधले आकडे एकाच स्तंभात फुगत असतील तर पुढे जा. सगळ्या कोअरवर भार सारखा असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. डिस्क, डीएनएस किंवा खुद्द अॅप्लिकेशनकडे वळा.

रांगा किती आहेत?

सर्व्हरच्या कार्डांना आत अनेक रांगा असतात. पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश (त्यांच्यावरून निघणारा एक आकडा) काढून कार्ड प्रत्येक पॅकेट कुठल्या रांगेत टाकायचं ते ठरवतं. याला आरएसएस म्हणतात. 'इथटूल'ला स्मॉल एल दिला की कमाल रांगा आणि चालू रांगा कळतात. कमाल 8 आणि चालू 1 असेल तर कॅपिटल एलने 'कम्बाइन्ड' 8 करा. हे करताना जोडणी क्षणभर तुटू शकते, त्यामुळे भर कामाच्या वेळी किंवा दुरून एसएसएचवर बसून करू नका.

दोन गोष्टी इथे हमखास निसटतात. एक म्हणजे, एक टीसीपी जोडणी नेहमी एकाच रांगेत जाते. एकच प्रचंड बॅकअप कॉपी होत असेल तर रांगा वाढवून तिचा वेग वाढणार नाही. ती कॉपी अनेक जोडण्यांत फोडावी लागेल. दुसरी यूडीपीची, म्हणजे टीसीपीसारखी जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीची. पुष्कळ ड्रायव्हर यूडीपीसाठी हॅशमध्ये फक्त आयपी पत्ते धरतात, पोर्ट सोडून देतात. त्यामुळे एकाच प्रॉक्सीमागून येणारी सगळी यूडीपी वाहतूक एका रांगेत कोंबली जाते. कार्डाला जमत असेल तर 'इथटूल'ला कॅपिटल एन, 'आरएक्स-फ्लो-हॅश', 'यूडीपी 4', 'एसडीएफएन' असं सांगून पोर्टही मोजायला लावा.

रांगा आहेत, पण एकाच कोअरकडे

'आयआरक्यूबॅलन्स' ही सेवा चालू आहे का? बहुतेक सर्व्हरवर तिच्यावर सोपवलेलं बरं. हातानं बांधायचंच असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर तुम्ही लिहिलेलं ती पुसून टाकेल. मग 'प्रॉक'मधल्या 'आयआरक्यू' फोल्डरात, त्या इंटरप्टच्या क्रमांकाखाली, 'एसएमपी-अॅफिनिटी-लिस्ट'मध्ये कोअरचा क्रमांक लिहा. दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसरच्या, सर्व्हरवर कार्ड कुठल्या न्यूमा नोडला (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी) जोडलंय ते 'सिस'मधल्या 'न्यूमा-नोड' फाइलमध्ये बघा आणि त्याच नोडचे कोअर निवडा. पलीकडच्या सॉकेटवर पाठवलं तर प्रत्येक पॅकेटला मधला दुवा ओलांडावा लागतो.

कार्डालाच एक रांग असेल तर

साध्या कार्डांत असं असतं. इथे आरपीएस कामी येतं. ही सोय 2010 साली कर्नल 2.6.35 मध्ये आली. इंटरप्ट एकाच कोअरवर येतो, पण पुढचं काम सॉफ्टवेअर इतरांना वाटून देतं. मुळात ते बंद असतं. इंटरफेसच्या 'आरएक्स-0' रांगेखालच्या 'आरपीएस-सीपीयूज' फाइलमध्ये कोअरचा षोडशमान मुखवटा (कुठले कोअर वापरायचे ते सांगणारा 16 च्या पायाचा आकडा) लिहा: 8 कोअर असतील तर 'एफएफ', पहिला कोअर वगळायचा तर 'एफई'. रांगा कोअरइतक्याच असतील तर आरपीएसची गरज नाही. उगाच चालू केलं तर वाटपाचा भुर्दंड तेवढा पडतो.

पॅकेट गळतायत का?

'प्रॉक-नेट'मधल्या 'सॉफ्टनेट-स्टॅट'मध्ये दर कोअरला एक ओळ असते, आकडे षोडशमानात. दुसरा स्तंभ टाकून दिलेल्या पॅकेटांचा. तो वाढत असेल तर 'नेटडेव्ह-मॅक्स-बॅकलॉग' वाढवा, मूळ किंमत 1000 असते. तिसरा स्तंभ वाढत असेल तर काम शिल्लक असताना वेळ किंवा कोटा संपला. 'नेटडेव्ह-बजेट' 300 वरून 600 करून बघा. कार्डाच्या आकड्यांमध्ये 'मिस्ड' वाढत असेल तर 'इथटूल'च्या स्मॉल जीने रिंग बफर (आलेली पॅकेट थांबण्याची जागा) तपासा आणि कॅपिटल जीने वाढवा. थेट कमाल करू नका, मोठ्या बफरमुळे विलंब वाढू शकतो.

सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर आधी होस्टने, म्हणजे तो ज्या यंत्रावर चालतो त्याने, 'व्हर्टआयओ' या आभासी कार्डाला किती रांगा दिल्यात ते विचारा. आत बसून त्यापेक्षा जास्त मिळत नाहीत. 'एमपीस्टॅट'मध्ये 'स्टील'चा आकडा मोठा असेल तर होस्टच तुमचा वेळ दुसऱ्याला देतोय.

'इथटूल', 'प्रॉक' आणि 'सिस'मधले हे बदल रीबूटनंतर उडतात. 'सिसकंट्रोल'चे, म्हणजे वरचे 'नेटडेव्ह'चे, आकडे त्याच्या संरचना-फाइलमध्ये आणि बाकीचे, यंत्र सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या 'सिस्टमडी'च्या छोट्या सेवेत टाका. त्या स्क्रिप्टमध्ये इंटरप्टचे क्रमांक थेट लिहू नका, कर्नल किंवा ड्रायव्हर बदलल्यावर ते बदलू शकतात. दर वेळी इंटरफेसच्या नावावरून शोधून घ्यायला सांगा.