औषध कंपन्यांची भागीदारी: सह्या झाल्यावरच्या या चुका टाळा

करारावर सह्या होतात तेव्हा टाळ्या वाजतात, फोटो निघतात, आणि वाटाघाटी करणारी मंडळी दुसऱ्या दिवशी पुढच्या सौद्याच्या मागे लागतात. तिसऱ्या दिवशी दीड-दोनशे पानांचं ते बाड माझ्या टेबलावर येऊन पडतं. ‘आता हे तू चालव.’ ज्या कलमावर सहा आठवडे घासाघीस झाली ते असं का लिहिलंय, हे सांगायला कोणी जागेवर नसतं.

अलायन्स मॅनेजर म्हणून, म्हणजे सह्यांनंतर भागीदारी चालवणारी म्हणून, मी मोठ्या कंपनीकडून काम केलंय आणि छोट्या कंपनीकडूनही. चुका दोन्हीकडे त्याच. बदमाशी फार कमी वेळा दिसली. सगळे खुशीत असताना ज्या शब्दांचा अर्थ कोणी विचारला नाही, त्याच शब्दांवरून पुढे भांडणं झाली. भागीदारी म्हणजे लग्न, असं प्रत्येक भाषणात कोणीतरी म्हणतंच. लग्नात ऑडिट नसतं.

‘फाइल’ म्हणजे नक्की काय?

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, म्हणून जरा वेळ घेते.

मी तेव्हा मोठ्या कंपनीत होते. रेणू, म्हणजे औषधाचा मूळ पदार्थ, छोट्या कंपनीने शोधलेला, चाचण्यांचा खर्च आमचा. करारात एक माइलस्टोन, म्हणजे गाठला की पैसे द्यायचा टप्पा, होता: अमेरिकेत औषधाचा अर्ज ‘फाइल’ झाला की तीस दिवसांत ठरलेली रक्कम द्यायची. डिसेंबरमध्ये आमच्या रेग्युलेटरी टीमने, म्हणजे सरकारी मंजुऱ्या बघणाऱ्यांनी, अर्ज पाठवला. दोन्हीकडून अभिनंदनाचे मेल सुटले. चौथ्या दिवशी छोट्या कंपनीचं इन्व्हॉइस आलं आणि आमच्या फायनान्सने ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, अर्ज पाठवणं वेगळं आणि अर्ज फाइल होणं वेगळं.

शब्दावर बोट ठेवायचं तर त्यांचं चूक नव्हतं. अर्ज तपासणीला घेण्याजोगा आहे की नाही, हे एफडीए, म्हणजे अमेरिकेची औषध नियामक संस्था, साठ दिवसांत ठरवते, आणि तिच्या भाषेत तो ‘फाइल’ होतो त्यानंतर. अर्ज अपुरा वाटला तर ती घेतच नाही. असं घडतं बरं का. 2001 मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने इमक्लोन या कंपनीशी एर्बिटक्स या कर्करोगावरच्या औषधासाठी सुमारे दोन अब्ज डॉलरचा सौदा केला, आणि त्याच वर्षी 28 डिसेंबरला एफडीएने अर्ज तपासणीला घ्यायला नकार दिला. मंजुरी मिळायला फेब्रुवारी 2004 उजाडला.

आमचा अर्ज साठ दिवसांनी सुरळीत फाइल झाला, पैसेही गेले. पण छोट्या कंपनीने ती रक्कम सरत्या वर्षात जमा धरली होती, गुंतवणूकदारांना तसं सांगूनही ठेवलं होतं. त्यांच्या सीईओला बोर्डापुढे मान खाली घालावी लागली. आणि आमचं काय गेलं? त्याआधी त्यांचा संख्याशास्त्रज्ञ शंका आली की सरळ आमच्या माणसाला फोन करायचा. आता प्रत्येक प्रश्न वकिलाला सीसी करून यायला लागला. एफडीएच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला दिवस मोजके असताना आमचे अर्धे दिवस मेलची भाषा तपासण्यात जायचे. तो फोन परत सुरू व्हायला वर्ष लागलं.

तेव्हापासून मी प्रत्येक माइलस्टोनपुढे पेन्सिलने एकच प्रश्न लिहिते: ‘कोणता कागद हातात आला की पैसे निघणार?’ मग दोन्हीकडच्या फायनान्स, क्लिनिकल आणि रेग्युलेटरीच्या लोकांना एका खोलीत बसवून उत्तर काढून घेते. ‘तिसरा टप्पा सुरू झाल्यावर’ असं लिहिलं असेल तर विचारते, पहिल्या रुग्णाने संमतीपत्रावर सही केली तेव्हा, की त्याला पहिला डोस मिळाला तेव्हा? मधे कित्येक आठवडे जाऊ शकतात. लोक वैतागतात. वैतागू देत. नवीन मुलं म्हणतात, ‘मॅडम, हे वकिलांनी बघितलंय की!’ कोर्टात टिकेल का, ते वकिलांनी बघितलेलं असतं. सोमवारी सकाळी इन्व्हॉइस आल्यावर फायनान्स काय म्हणेल, हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

औषध बाहेर, सुरक्षेचा करार मसुद्यातच

मुख्य करार झाला की ‘फार्माकोव्हिजिलन्सचं (दुष्परिणामांवर नजर ठेवून ते कळवण्याचं) बघू नंतर’ म्हणणारी दहा माणसं भेटतात. कारण एकच: बाजारात यायला अजून वेळ आहे. पण औषध बाजाराआधीही माणसांच्या पोटात जातं. चाचण्या असतात, आणि दुसरा उपाय न उरलेल्या रुग्णांना मंजुरीआधीच पुरवठा होतो.

आमच्या बाबतीत तेच झालं. एका देशात भागीदाराच्या प्रतिनिधीला शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांचा मेल आला: रुग्णाला औषधानंतर गंभीर त्रास झाला, इस्पितळात दाखल केलंय. प्रतिनिधी सुट्टीवर निघालेला. मेल त्याच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये पडून राहिला. आमच्याकडे माहिती आली तेव्हा मुदत उलटून गेली होती.

मुदतीचा हिशोब बऱ्याच जणांना धड माहीत नसतो. बाजारातल्या औषधाचा गंभीर दुष्परिणाम साधारणपणे पंधरा दिवसांत कळवायचा असतो. चाचणीत अनपेक्षित आणि प्राणघातक घटना घडली तर सात. हे दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. कळवणारा कोण, रुग्ण कोण, झालं काय आणि संशय कोणत्या औषधावर, एवढ्या चार गोष्टी कळल्या की घड्याळ सुरू. आणि युरोपच्या नियमांनुसार ज्याच्याशी तुमचा करार आहे त्या भागीदाराला कळलं, तोच तुमचाही शून्य दिवस, मुदत तिथून मोजायची. ‘आम्हाला तर काल कळलं’ हे इन्स्पेक्टरसमोर चालत नाही. आमचं चाललं नाही.

आता सुरक्षेच्या करारावर दोन्ही सह्या पडल्याशिवाय मी एकही खोकं गोदामाबाहेर जाऊ देत नाही. त्यावरून माझ्याबद्दल वर तक्रारीही गेल्यात. दुसरी सवय जरा आगाऊपणाची आहे: दोन्हीकडच्या सेफ्टीप्रमुखांना विश्वासात घेऊन मी एक खोटी केस, ‘चाचणीसाठी’ असं ठळक लिहून, भागीदाराच्या एखाद्या फिल्डवरच्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी पाठवते आणि ती सेफ्टी टीमकडे कधी पोचते ते बघते. एकदा ती बुधवारी पोचली. त्यानंतर त्या भागीदाराने प्रशिक्षणासाठी स्वतःहून तारीख मागितली.

उत्पादन भागीदाराकडे असेल तर क्वालिटी ॲग्रीमेंटचीही तीच गत. बॅच रिलीज, म्हणजे तयार मालाला बाहेर जायची परवानगी, कोण देणार, यंत्र किंवा पद्धत बदलायची झाली तर कोण कोणाला आधी सांगणार, हे नावानिशी लिहा. ‘दोन्ही पक्ष समन्वयाने’ असं लिहिलं की कोणीच करत नाही.

विकणारी माणसं कोणाची?

करारात ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे फक्त आपल्यासाठी, हा शब्द बघून निर्धास्त होणारे मला भाबडे वाटतात. एली लिली आणि ॲमिलिन मिळून बायेटा हे मधुमेहाचं इंजेक्शन विकत होते. 2011 च्या सुरुवातीला लिलीने बोहरिंगर इंगेलहाइमशी मधुमेहाच्याच औषधांसाठी हात मिळवला. तीच विक्रीची माणसं आता दुसऱ्याचं औषधही घेऊन फिरणार, म्हणून ॲमिलिनने त्याच वर्षी दावा लावला. वर्ष संपायच्या आत दोघे वेगळे झाले आणि ॲमिलिनने लिलीला सुरुवातीलाच 25 कोटी डॉलर दिले. दुसरं औषध घ्यायला बंदी आहे का, हा प्रश्न सगळे विचारतात. मी विचारते: डॉक्टरांच्या केबिनमध्ये जी पाच मिनिटं मिळतात, त्यात आपलं औषध पहिलं निघणार की तिसरं?

एकाच औषधाची वापरानुसार वाटणी करणाऱ्यांना तर मी हात जोडते. ॲमजेन आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी 1985 च्या करारात अमेरिकेत इपोएटिन या रक्तक्षयावरच्या औषधाची अशीच वाटणी केली, डायलिसिसचे रुग्ण ॲमजेनकडे आणि बाकीचे जॉन्सनकडे. बाटलीला ठाऊक नसतं आपण कोणत्या रुग्णाकडे चाललोय. कोणाची किती बाटली दुसऱ्याच्या हद्दीत गेली, यावरून ते वर्षानुवर्षं लवादापुढे भांडले.

भागीदारच विकला गेला तर

हे कलम शेवटून चौथ्या पानावर असतं आणि तिथवर पोचेपर्यंत सगळे थकलेले असतात. मर्कने 2009 मध्ये शेरिंग-प्लॉव घेतली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या रेमिकेड आणि सिम्पोनी या औषधांचे अमेरिकेबाहेरच्या बऱ्याच बाजारांतले हक्क शेरिंगकडे होते, मालकी बदलली तर ते गमावण्याचा धोका होता. म्हणून विलीनीकरण उलटं रचलं: कागदोपत्री शेरिंग-प्लॉव टिकली आणि तिनेच मर्क हे नाव घेतलं. हुशारी होती, पण जॉन्सन लवादाकडे गेली. एप्रिल 2011 मध्ये तडजोड झाली. मर्कने 50 कोटी डॉलर दिले, कॅनडा, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशिया-पॅसिफिक असे बाजार सोडले आणि स्वतःकडे युरोप, रशिया, तुर्कस्तान ठेवले. हे कलम मी पहिल्या दिवशी वाचते, डोकं ताजं असताना.

बाकीच्या, पटापट

सुकाणू समितीची, म्हणजे दोन्हीकडच्यांनी मिळून निर्णय घ्यायच्या समितीची, बैठक म्हणजे ऐंशी स्लाइड्सचा कार्यक्रम नव्हे. वाईट बातमी पहिल्यांदा तिथे फोडू नका. आदल्या आठवड्यात समोरच्या अलायन्स मॅनेजरला फोन करा. निर्णय मिनिट्समध्ये त्याच दिवशी लिहा, दोन आठवड्यांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हे विषयवार ठरवा. ‘वरिष्ठ तोडगा काढतील’ म्हणजे वरिष्ठ तारखा काढतील.

‘कमर्शियली रीझनेबल एफर्ट्स’ (व्यवसायाला परवडतील तेवढे प्रयत्न) यावर भिस्त ठेवू नका. माणसं किती, पैसे किती, कोणत्या तिमाहीपर्यंत, ते आकडे योजनेत घाला.

प्रेस रिलीज आणि शोधनिबंध दोन्हीकडून आधी वाचून घ्या. पेटंटचा अर्ज जायच्या आधी उत्साहात परिषदेत पोस्टर लावणारा शास्त्रज्ञ मी पाहिलाय.

मागच्या भागीदारीचं टेम्प्लेट नाव बदलून वापरू नका. हे शॉर्टकटवाले लगेच ओळखू येतात, सातव्या पानावर जुन्या औषधाचं नाव राहिलेलं असतं.

आणि मोडायचं कसं, ते जुळलेलं असतानाच लिहा. मंजुरी कोणाच्या नावावर राहील, चाचणीतल्या रुग्णांना औषध कोण पुरवेल, पाकिटावरचं नाव कधी बदलेल. हा विषय काढला की खोलीत शांतता पसरते, ‘इतक्यात कशाला अभद्र’ असं कोणीतरी म्हणतं. आमच्या एका भागीदारीत उरलेला साठा कोणी परत घ्यायचा हे लिहायचं राहून गेलं होतं. तो शीतगृहात पडून राहिला, भाडं दोघं निम्मं-निम्मं भरत होते, आणि औषधाची मुदत संपेपर्यंत दोघांपैकी एकानेही फोन केला नाही.