घरासाठी स्मोक डिटेक्टर कसा निवडायचा, कुठे लावायचा आणि चालू कसा ठेवायचा

पुण्यात इलेक्ट्रिकच्या सामानाच्या तापकीर गल्लीत जाऊन नुसतं ‘स्मोक डिटेक्टर द्या’ म्हटलंत तर बरेचदा ऑफिस-हॉटेलात लावतात तो पांढरा गोल डबा हातात येतो. तो वायरने फायर पॅनलला, म्हणजे बिल्डिंगच्या आगीच्या अलार्मच्या मुख्य डब्याला, जोडायचा असतो, त्याला स्वतःचा आवाज नसतो, आणि पॅनल नसलेल्या फ्लॅटच्या छताला लावला तर त्याला वीजच मिळत नाही, म्हणजे घर धुराने भरलं तरी तो गप्प. म्हणून पहिलं काम, दुकानातच डबा उलटा करून बघा. मागे फक्त वायरचे स्क्रू दिसले तर परत द्या. बॅटरीची जागा, टेस्टचं बटण आणि सायरनची भोकं असली की तो स्टँडअलोन, म्हणजे पॅनलशिवाय स्वतःच वाजणारा, आपल्याला तोच पाहिजे. सायरन दहा फुटांवर 85 डेसिबल आणि सर्टिफिकेशन EN 14604 (युरोपचं) किंवा UL 217 (अमेरिकेचं) असं लिहिलेलं असावं.

मग प्रकार. फोटोइलेक्ट्रिक घ्या. गादीवर चार्जिंगला लावलेला फोन, धुमसणारी वायर, उदबत्तीची ठिणगी पडलेला पडदा, अशा आगी आधी बराच वेळ नुसता धूर सोडतात आणि तो धूर हा प्रकार लवकर पकडतो. आत काळ्या कप्प्यात एक छोटा एलईडी असतो, धूर शिरला की उजेड विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि सायरन वाजतो.

लावायचा कुठे? प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, आणि बजेट एकाचंच असेल तर पॅसेजमध्ये. छताच्या मधोमध सगळ्यात बरं, कारण धूर वर जातो, पण पंख्यापासून तीनेक फूट लांब आणि एसीचा झोत येणार नाही असं बघा. भिंतीवरच लावायचा असेल तर छताखाली 4 ते 12 इंचांत. गॅसच्या शेगडीपासून किमान दहा फूट लांब ठेवा, नाहीतर मिरचीची फोडणी पडली की बोंबलणार, मग कोणीतरी वैतागून बॅटरी काढणार आणि ती परत बसतच नाही, हे फार धोक्याचं आहे. देवघरात रोज धूप असेल तर तिथूनही लांब. किचनसाठी हीट डिटेक्टर वेगळा मिळतो, तो तापमानावर चालतो.

गॅस गळतीचा अलार्म मात्र वेगळी वस्तू आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो अलार्म जमिनीपासून फूटभर वर. पुण्यात आता बऱ्याच सोसायट्यांत पाइपचा गॅस आहे, तो हलका, त्याचा अलार्म छताजवळ.

आता देखभाल, आणि खरं तर इथेच लोक ढिले पडतात. दर संकष्टीला टेस्टचं बटण दाबायचं, बेडरूमचं दार लावून आत कोणालातरी उभं करायचं आणि आवाज नीट येतो का विचारायचं. घरात कमी ऐकू येणारं कोणी असेल तर एक वाजला की सगळे वाजतात असे वायरलेस जोडलेले घ्या. 9 व्होल्टची बॅटरी असेल तर दरवर्षी दसऱ्याला बदला. मधेच मिनिटाभराने ‘टिक’ असा बारीक आवाज यायला लागला तर बॅटरी संपत आलीये, दसऱ्याची वाट बघू नका. धूळ, आणि पावसाळ्यात बारीक किडे, आत शिरतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रश किंवा व्हॅक्युम फिरवा, पाणी किंवा स्प्रे नको. दिवाळीआधी घराला रंग देताना त्याला प्लास्टिक बांधा आणि त्याच दिवशी सोडा. दहा वर्षं झाली की बटण दाबून वाजत असला तरी बदलायचा, मागे छापलेली तारीख बघा आणि बदलायचं वर्ष मार्करने बाजूला लिहून ठेवा.

बिल्डिंगची स्वतःची सिस्टिम असेल तर 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे सिस्टिम नीट चालू असल्याचं सर्टिफिकेट, दर जानेवारी आणि जुलैला फायर ब्रिगेडला द्यायचा असतो. तो दिला का हे सेक्रेटरींना विचारा, बिनधास्त विचारा.

वाजलाच तर बाहेर पडा, दार मागे लोटून घ्या, लिफ्ट नाही, जिना, आणि बाहेर पडल्यावर 101. रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालत असाल तर किल्ली दाराजवळच एका ठरलेल्या खिळ्यावर, जाळीतून बाहेरच्याचा हात पोचणार नाही पण घरातल्या लहान पोराचा पोचेल एवढ्या उंचीवर.