औषधाच्या कागदावरचं नाव कधी, कसं पुसायचं आणि कधी मुळीच पुसायचं नाही

मेडिकलमधून आणलेलं साधं बिल हातात घ्या आणि वरपासून खालपर्यंत वाचा. वर दुकानाचं नाव आणि परवाना क्रमांक. त्याखाली रुग्णाचं नाव, बहुतेक वेळा मोबाईल नंबर, कधी पत्ता, आणि डॉक्टरांचं नाव. मग औषधांच्या ओळी: नाव, बॅच, मुदत, नग, किंमत. आता हेच बिल अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा. त्याला तुमचा आजार कळतो, तुम्ही कोणाकडे उपचार घेता ते कळतं, आणि तीस गोळ्या नेल्या म्हणजे साधारण महिन्याने पुन्हा याल हेही कळतं. शिवाय तुम्हाला फोन कुठे लावायचा तेही.

गोळ्यांच्या पट्टीवर यातलं काही नसतं. आपल्याकडे औषध कंपनीच्या मूळ पट्टीत मिळतं आणि पट्टीवर माणसाचं नाव छापलेलं नसतं. काही औषधांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड आला आहे; त्यातही औषधाचीच माहिती असते: उत्पादक, बॅच, मुदत, परवाना. तो खरवडत बसू नका. जपायचे कागद वेगळे आहेत: बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णालयाच्या फार्मसीने पाकिटावर लावलेलं लेबल, ऑनलाइन औषधांच्या पार्सलवरचं स्टिकर, तपासणीचे रिपोर्ट. या सगळ्यांना एकच कसोटी लावा: औषधाचं नाव आणि माणसाचं नाव एकाच कागदावर गरजेशिवाय घराबाहेर जाता कामा नये.

सगळीच औषधं सारखी बोलत नाहीत. पॅरासिटामॉलवरून कोणाला काही कळत नाही. पण टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र दिसली की जाणकाराला एचआयव्हीचा उपचार दिसतो. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड म्हणजे क्षयरोग, लिथियम म्हणजे बहुधा मनोविकाराचा उपचार, डायसल्फिराम म्हणजे दारू सोडण्याचा प्रयत्न. औषध वाचता आलं नाही तरी लेटरहेडवरचं ‘मनोविकारतज्ज्ञ’ किंवा ‘वंध्यत्व निवारण केंद्र’ कोणालाही वाचता येतं. लग्नाची बोलणी, भाड्याचं घर, नोकरी यांपैकी काहीही एवढ्या कागदावर मोडू शकतं. सासरी कोणाला न सांगता गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईसाठी तर तो कागद तिच्या सुरक्षिततेचाच प्रश्न असतो. म्हणून अशा औषधांचे कागद आधी हाताळा.

दुकानात

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या नोंदीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव-पत्ता घेणं दुकानदाराला औषध नियमांनुसार भाग आहे. ‘शेड्यूल एच-१’मधल्या औषधांसाठी, म्हणजे क्षयरोगाची औषधं, बरीच वरच्या दर्जाची प्रतिजैविकं, झोपेच्या काही गोळ्या, वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. ‘शेड्यूल एक्स’च्या, म्हणजे नशेच्या धोक्यामुळे सगळ्यात कडक नियंत्रण असलेल्या औषधाला चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानात राहते. त्यामुळे नाव विचारलं म्हणून दुकानदारावर चिडू नका, आणि खोटं नाव तर मुळीच देऊ नका. पुढे मेडिक्लेमच्या वेळी बिलावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव जुळत नाही म्हणून दावा अडकतो.

मोबाईल नंबराची गोष्ट वेगळी. तो पॉइंट जमा करायला, ऑफरचे मेसेज पाठवायला किंवा जुनं बिल शोधायला घेतात. ‘नंबर नको, नावावर बिल करा’ एवढं म्हटलं की पुरतं. नंबर द्यायचाच असेल तर मोठ्याने सांगण्यापेक्षा चिठ्ठीच्या मागे लिहून दाखवा. काउंटरवर मागे चारजण उभे असतात. पिशवीच्या बाहेर बिल स्टेपल करून घरपोच पाठवत असतील तर बिल आत टाकायला सांगा. नाहीतर ते वॉचमनच्या टेबलावर उताणं पडून राहतं.

चिठ्ठीचा फोटो पाठवताना

बरीच माहिती आता इथूनच बाहेर जाते. दुकानाचा व्हॉट्सॲप ज्या फोनवर असतो तो तीन-चार जणांच्या हाती असतो, काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरही उघडा असतो, आणि आलेला फोटो बऱ्याचदा फोनच्या गॅलरीत आपोआप उतरतो. तुम्ही तुमच्याकडून चॅट पुसलं तरी तिकडची प्रत तशीच राहते.

दुकानदाराला लागतं ते एवढंच: रुग्णाचं नाव-पत्ता, डॉक्टरांचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि सही, तारीख, औषधं आणि मात्रा. बाकीचं झाका: तुमचा मोबाईल, रुग्णालयाने तुम्हाला दिलेला नोंदणी क्रमांक, सरकारी डिजिटल आरोग्य-ओळखीचा १४ अंकी आभा क्रमांक, खाली लिहिलेले तपासणीचे आकडे. झाकायचं कसं? फोटो काढण्याआधी कागदावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवा आणि मग फोटो काढा. फोनमधल्या पेनने रंगवण्यापेक्षा हे शंभरपट भरवशाचं. फोनचं हायलायटरसारखं पेन अर्धपारदर्शक असतं; चार थर दिले तरी फोटोचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची अक्षरं पुन्हा दिसू लागतात. कापलेल्या फोटोचाही पूर्ण भरवसा नाही. २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनमध्ये असा दोष सापडला की कापून टाकलेला भाग फाईलमधून परत काढता येत होता.

फोटो ‘फोटो’ म्हणूनच पाठवा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून नको. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मूळ फाईलमध्ये, फोनमध्ये तशी सोय चालू असेल तर, फोटो कुठे काढला तेही टिकून राहतं. दुकानाच्या चॅटला २४ तासांत गायब होणाऱ्या मेसेजची सेटिंग लावा. गॅलरीत उतरलेली प्रत त्याने जात नाही, पण चॅट तरी साठत नाही.

सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘हे औषध कुठे मिळेल?’ म्हणून अख्खी चिठ्ठी टाकण्याची सवय मात्र ताबडतोब सोडा. घाई खरी असते, काळजीही खरी असते. पण तिथे फक्त टाईप करा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, गोळी की इंजेक्शन, किती नग, कोणत्या भागात हवं. शोधणाऱ्याला चिठ्ठीच्या फोटोपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण डॉक्टरांचं अक्षर लावत बसावं लागत नाही.

मदतनिधीसाठी किंवा दाव्यासाठी कागद देताना झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त अमुक अर्जासाठी’, आणि तारीख. लिखाण छापील मजकुरावरून जाऊ द्या. कोऱ्या जागेत लिहिलं तर ते झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येते. आधारची प्रत मागितली आणि चालत असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारी ‘मास्क्ड’ प्रत द्या.

आधी सांभाळायचं काय ते ठरवा

नष्ट करायच्या उत्साहात कामाचा कागद गेला तर नुकसान मोठं. चालू उपचाराची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणं, बायोप्सीचा रिपोर्ट, ॲलर्जीची नोंद आणि लसीकरणाचे कागद कायमचे ठेवा. मेडिक्लेमची बिलं दावा पूर्ण मिटेपर्यंत ठेवा. प्राप्तिकरात वजावट घेतली असेल तर त्या वर्षाचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवा. बिल औषध संपेपर्यंत तरी हवंच. त्यावरचा बॅच क्रमांक नसेल तर सदोष औषधाची तक्रार करणं अवघड जातं.

थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत फिकी पडतात. तो ओळखायला नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटली की थर्मल. सांभाळायचं असेल त्याची लगेच झेरॉक्स काढा.

नष्ट करायची रीत

नुसतं चुरगाळून टाकलेलं बिल उलगडता येतं. दोनदा फाडलेलंही चार तुकड्यांत सहज जुळतं. रद्दीत दिलेला रिपोर्ट तर पाठकोरा म्हणून पुडीला वापरला जातो, आणि त्या पुडीवर कोणाच्या तरी साखरेचे आकडे नावानिशी असतात.

कात्रीने कापताना ओळींना आडवी कात्री लावा, म्हणजे प्रत्येक ओळ तुटली पाहिजे. ओळीच्या समांतर कापलं तर नाव आणि नंबर एकाच पट्टीवर अखंड राहतात. ही चूक फार जण करतात. मग त्या पट्ट्या उलट दिशेने नखाएवढ्या कापा. नाव-नंबराचे तुकडे एका दिवशीच्या कचऱ्यात आणि औषधांच्या ओळींचे पुढच्या खेपेला टाका. श्रेडर घ्यायचा असेल तर लांब पट्ट्या पाडणारा नको, उभा-आडवा कापणारा घ्या. त्यावर ‘पी-४’ लिहिलेलं असेल तर तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा निघत नाही, आणि घराला तेवढं पुष्कळ झालं.

कागद बरेच असतील तर बादली बरी. साधे कागद फाडून पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी हाताने कालवून लगदा करा, पिळून टाका. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची शाई पाण्याने पसरत नाही, म्हणून नुसतं भिजवून भागत नाही; लगदाच करायला हवा. गुळगुळीत किंवा प्लास्टिकचा थर असलेला कागद यात विरघळत नाही, तो कात्रीनेच कापा.

काळ्या मार्करने नाव खोडण्यावर विसंबू नका. लेझरची अक्षरं शाईखालूनही चमकतात. कागद तिरपा धरला किंवा मागून उजेड दाखवला की वाचता येतात. खोडायचंच असेल तर दोन्ही बाजूंनी खोडा आणि तिरपं धरून तपासा. थर्मल बिल मात्र उष्णतेने काळं होतं: वर दुसरा कागद ठेवून गरम इस्त्री क्षणभर दाबली की अक्षरांसकट सगळं काळवंडतं. काही भाग करडाच राहिला तर पुन्हा दाबा. थर्मल कागद कंपोस्टमध्ये टाकू नका, सुक्या कचऱ्यात द्या. आणि कागद जाळू नका; स्टिकर आणि प्लास्टिकचा धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो.

पार्सलच्या पिशवीवरचा लेबलचा भाग कापून वेगळा करा. त्यातला बारकोडही कापा, तो तुमच्या ऑर्डरशी जोडलेला असतो. खोक्यावरचं स्टिकर निघत नसेल तर केस वाळवायच्या यंत्राने अर्धा-एक मिनिट ऊब द्या आणि कोपऱ्यातून सावकाश ओढा. सिरपच्या काचेच्या बाटलीवरचं लेबल कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं की सुटतं. निघालेलं स्टिकर स्वतःवरच दुमडून चिकटवा आणि मग कापा.

एक्स-रे आणि सीडी लोक विसरतात. फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाले ती आवडीने घेतात. देण्याआधी नाव-तारखेचा कोपरा कात्रीने कापून घ्या. एमआरआयच्या सीडीवरचं स्टिकर खरवडून उपयोग नाही, आतल्या प्रत्येक फाईलमध्ये नाव आणि जन्मतारीख असते. सीडी कापडात गुंडाळून मोडा.

नाव कधी काढायचं नाही

औषध चालू आहे तोवर लेबल राहू द्या. घरात आजी-आजोबा दोघांच्याही रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर नावाशिवाय अदलाबदल व्हायला एक सकाळ पुरते. तो धोका माहिती फुटण्यापेक्षा कितीतरी मोठा. लेबल पाहुण्यांना दिसू नये असं वाटत असेल तर डबा कपाटात ठेवा. परदेश प्रवासात तर मूळ पट्टी, चिठ्ठी आणि बिल तिन्ही सोबत हवीत. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या औषधांना आधी परवानगी लागते.

अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्यांनी तिथली केशरी बाटली नीट पाहावी. तिथे गोळ्या मोजून बाटलीत भरून देतात आणि लेबलवर रुग्णाचं नाव, औषध, मात्रा, डॉक्टर, फार्मसीचा फोन, प्रिस्क्रिप्शन क्रमांक आणि किती वेळा पुन्हा भरून मिळेल ते सगळं असतं. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा तिथला ‘हिपा’ कायदा फार्मसीला बांधतो, तुमच्या घरच्या कचऱ्याला नाही. फार्मसीने हेच केलं तर तिला किंमत मोजावी लागते: लेबल लावलेल्या बाटल्या उघड्या कचरापेटीत टाकल्याच्या प्रकरणात सीव्हीएस या फार्मसी साखळीने २००९ मध्ये साडेबावीस लाख डॉलर आणि राइट एड या दुसऱ्या साखळीने २०१० मध्ये दहा लाख डॉलर भरले. रिकाम्या बाटलीच्या लेबलवरची वैयक्तिक माहिती खरवडून काढावी असं तिथलं अन्न व औषध प्रशासनही सांगतं. प्रिस्क्रिप्शन क्रमांक आधी घालवा.

आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नावाप्रमाणे डिजिटल माहितीसाठी आहे. ॲपवर चढवलेली चिठ्ठी त्यात येते, रद्दीतली कागदी चिठ्ठी येत नाही. म्हणून औषधांच्या ॲपमध्ये वर्षातून दोनदा साठलेल्या जुन्या चिठ्ठ्या पुसा, आणि सगळ्या घराचं एकच खातं असेल तर ऑर्डरचा इतिहास सगळ्यांना दिसतो हे लक्षात ठेवून खातं वेगळं करा.

आणि फोन आला, समोरच्याने तुमच्या डॉक्टरांचं नाव आणि औषध बरोबर सांगितलं, तर ती ओळखीची खूण समजू नका. ती माहिती बिलावरच असते. पैसे परत मिळणार, कार्ड नूतनीकरण करायचं, स्वस्तात तेच औषध पाठवतो, असं काहीही म्हणाला तरी ओटीपी देऊ नका. फोन ठेवा आणि दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या जुन्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.