शूज घेताना आधी स्वतःचा पाय बघा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं नाव नोंदवलं की नवी मंडळी मला लगेच विचारतात, "ताई, कुठल्या कंपनीचे शूज घेऊ?" कंपनी नंतर ठरवा, आधी पाय मोजा.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय जरा फुगलेले असतात, धावतानाही ते तसेच फुगतात. पळताना वापरता तेच मोजे घाला. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

मग शूजमधला सुटा इनसोल, म्हणजे आतली गादी, काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा. करंगळी कडेबाहेर गेली तर शूज अरुंद आहे. दुकानदार अशा वेळी एक नंबर मोठा काढून देतो. त्याने लांबी वाढते आणि टाच निसटायला लागते. त्यापेक्षा त्याच नंबरात 'वाइड' मागा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच हवी. शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढताना तिची किंमत कळत नाही; उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळीनिळी होतात.

ओल्या पायाचा ठसा बघून 'सपाट तळवा, म्हणून स्टॅबिलिटी शूज' (पाय आत कलंडू नये म्हणून आतल्या बाजूला जास्त आधार असलेले) हा सल्ला सर्रास मिळतो. अमेरिकेच्या सैन्यदलांत प्रशिक्षणार्थींना तळव्याच्या कमानीनुसार शूज देऊन पाहिले, दुखापती काही फारशा कमी झाल्या नाहीत. मी त्या ठशावर विसंबत नाही. जुना जोड मात्र टेबलावर ठेवून मागून नीट बघते. टाचेची बाहेरची कड झिजली असेल तर काळजी नको, बहुतेकांची तशीच झिजते. पण शूज आतल्या बाजूला कलंडलाय आणि नडगीही आतून दुखतेय, असं असेल तर स्टॅबिलिटी शूज जरूर घालून बघा. दुखणं जुनं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, म्हणजे ड्रॉप, १० मिलिमीटरवरून एकदम ४ वर आणू नका. पोटऱ्या भरून येतात.

शेवटी दुकानाबाहेर थोडं पळून बघा. कुठेही घासलं, टोचलं, तर "वापरून सैल होतील" यावर विश्वास ठेवू नका, जोड परत करा. नवे शूज शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी घ्या, आणि ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बदला.