‘अपकमिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

सूचनाफलकावर ‘अपकमिंग इव्हेंट्स’च्या जागी ‘आगामी कार्यक्रम’ लिहिलं की काम होतं. पण हाच ‘आगामी’ वाक्यात घातला की सरकारी पत्रक वाचल्यासारखं वाटतं. ‘आगामी रविवारी आमच्याकडे या’ असं पेठेतलं कुणी म्हणत नाही. तिथे ‘येत्या रविवारी’ हवं.

तेव्हा आधी गोष्ट किती जवळ आहे ते बघा. वार, आठवडा, महिना असेल तर ‘येता’. हा शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलतो: येता आठवडा, येती दिवाळी, येत्या शनिवारी. ‘आगामी’ मात्र कुठेही तसाच राहतो. ‘पुढच्या शनिवारी’ जपून वापरा. मंगळवारी हे वाचणारा एक जण चार दिवसांनी येतो, दुसरा अकरा दिवसांनी. वारासोबत तारीख लिहिली की हा घोळ मिटतो, आणि तारीख आली की ‘येत्या’, ‘आगामी’ काहीच लागत नाही. ‘येत्या १४ तारखेला’ एक वेळ चालेल, ‘आगामी दि. १४ रोजी होणारा’ म्हणजे एकच गोष्ट तीनदा सांगणं.

दरवर्षी होणाऱ्या गोष्टींना पुण्यात वेगळाच शब्द आहे: ‘यंदाचा’. १९५३ पासूनचा, डिसेंबरात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव ‘अपकमिंग’ नसतो. तो ‘यंदाचा सवाई’ असतो. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेचंही तसंच.

प्रकल्प, कायदा, संकट अशा अजून पुरत्या न आलेल्या गोष्टींना ‘येऊ घातलेला’ किंवा ‘होऊ घातलेला’ शोभतो. त्यात थोडी शंकाही मिसळलेली असते, म्हणून लग्नपत्रिकेत नको. ठरलं आहे पण सुरू झालेलं नाही, अशा बैठकीला किंवा उड्डाणपुलाला ‘नियोजित’ म्हणावं. माणसाला ‘भावी’: भावी जावई, आणि चौकाचौकातल्या फ्लेक्सवरचे भावी नगरसेवक. (‘नियोजित वर’ म्हणजे लग्न ठरलेला. भावी नगरसेवकाचं तसं काही ठरलेलं नसतं.)

बऱ्याचदा विशेषणाची गरजच नसते. क्रियापद ते काम करतं: ‘बालगंधर्वला शुक्रवारी प्रयोग आहे.’

इंग्रजीत लिहिताना गडबड होते ती वेगळीच. तिकडे हा शब्द सहसा नामाच्या आधी येतो: ‘अपकमिंग एक्झाम’. ‘द एक्झाम इज अपकमिंग’ अवघडलेलं वाटतं, तिथे ‘इज कमिंग अप’ म्हणावं. उच्चार ‘अ’ने सुरू होतो, म्हणून आधी आर्टिकल ‘अ’ (a) नाही, ‘अ‍ॅन’. स्पेलिंग एकसंध, मध्ये जोडरेघ नाही, आणि एम एकच. दोन एम घातलेले फलक भरपूर दिसतात.

बिल्डरच्या जाहिरातीतला ‘अपकमिंग एरिया’ हा खरं तर ‘अप-अँड-कमिंग’ असतो, म्हणजे वर येऊ लागलेला. मराठीत ‘विकसित होत असलेला भाग’. नव्या गायकाबद्दल ‘अपकमिंग सिंगर’ म्हणतात तिथेही हीच चूक असते. त्याला ‘होतकरू’ म्हणा, ‘आगामी गायक’ म्हणजे पुढच्या सत्रात गाणारा वाटेल.

फलकावर ‘आगामी’ लिहिलंत तर कार्यक्रम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कागद काढायचं काम कुणाला तरी नेमून द्या.